खर्ज आणि दणका

"क्या अब्बू, इसमें बेसच नै."

माझा जुना हेडफोन कानाला लावून दोन मिनिटांत आमच्या चिरंजिवांनी निकाल दिला आणि तो काढून टेबलावर ठेवला. तो बारावीला आहे. त्याचा स्वतःचा इअरफोन नेहमीप्रमाणे एका कानाने बंद पडला होता. गेल्या दोन वर्षांत असे सहा तरी इअरफोन आमच्या घरात आले आणि गेले. तीनशेचा, पाचशेचा, एकदा नऊशेचा. सगळ्यांच्या खोक्यावर एकच शब्द मोठ्या अक्षरात होता, बेस. एक्स्ट्रा बेस, डीप बेस, मेगा बेस. मी हिशेब केला आणि ठरवलं की आता घरात एकच आणायचा, पण धड आणायचा. अट दोघांची. त्याला बेस पाहिजे, मला गळा स्वच्छ ऐकू आला पाहिजे.

वरवर ही किरकोळ खरेदी आहे. पण या निमित्ताने दीड महिना मी जे वाचलं, ऐकलं आणि घरात जी भांडणं केली, त्यातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. एक म्हणजे आपल्या पोरांच्या कानांबद्दल. ते शेवटी बोलतो.

आधी बेस या शब्दाबद्दल. आपल्याकडे त्याला फार जुना आणि फार चांगला शब्द आहे, खर्ज. आणि दुसराही एक आहे, दणका. दुकानात आपण खर्ज मागतो आणि दुकानदार आपल्याला दणका देतो, एवढाच या सगळ्या बाजाराचा घोटाळा आहे.

मी मिरजेत राहतो. आमच्याकडे सतारी आणि तंबोरे करणाऱ्या कारागिरांची गल्ली आहे. मुळात हत्यारं घडवणारी ही शिकलगार घराणी, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी वाद्यांकडे वळली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, वर तुणाची दांडी, आणि बाकी सगळं हाताचं आणि कानाचं काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. माझ्या वर्गात या घरांतली मुलं बसून गेली आहेत. त्यातल्या एकाच्या वडिलांकडे मी कितीदा तरी नुसता बसलो आहे. ते घोडीवर तार ठेवतात, खाली रेशमाचा दोरा सरकवतात, तार छेडतात, परत कानस मारतात. याला जवारी काढणं म्हणतात. दोरा बरोब्बर जागी बसला की एका तारेतून आवाजांचा अख्खा झुबका वर उठतो. खाली घुमणारा स्वर तसाच राहतो आणि त्याच्या अंगातून बारीक बारीक सूर झिरपत राहतात.

तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. पुरुषी आवाजासाठी काळी एकमध्ये लावला तर ही तार साधारण ७० हर्ट्झला बोलते. हेडफोनवाले ज्याला बेस म्हणतात तो हाच पट्टा. पण तंबोऱ्याचा खर्ज गवयाच्या गळ्यावर कधी चढत नाही. तो खाली सतरंजीसारखा पसरलेला असतो आणि गळा त्याच्यावर बसतो. खर्ज काढून टाका, गाणं हवेत लोंबकळतं. खर्ज वाढवून ठेवा, गवयाच्या तोंडावर चादर टाकल्यासारखं होतं.

स्वस्त हेडफोनमध्ये नेमकं हे दुसरं होतं. खरा खोल खर्ज, म्हणजे ४०, ५०, ६० हर्ट्झचा, स्वच्छ वाजवणं महागाचं काम आहे. त्याला पडदा चांगला लागतो, कप घट्ट बसावा लागतो. ते न करता फक्त १००पासून २५०-३०० हर्ट्झपर्यंतचा भाग फुगवून ठेवला की ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटाला वाटतं, वा, काय बेस आहे! पण माणसाचा आवाज राहतो कुठे? बोलताना पुरुषाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झ, बाईचा १६५ ते २५५च्या आसपास. म्हणजे जिथे गळ्याचं घर, तिथेच यांनी ढोल आणून ठेवला. मग मोहम्मद रफींचा तो मखमली आवाज माठात तोंड घालून गायल्यासारखा येतो. आणि ते झाकायला वरची टोकं, सात-आठ हजार हर्ट्झवरची, तीही चढवतात. त्यामुळे झांजा चमकतात आणि प्रत्येक 'स' सुईसारखा कानात टोचतो. मधला पट्टा, जिथे शब्द आहेत, अर्थ आहे, तो खड्ड्यात. इंग्रजीत या आकाराला व्ही म्हणतात. आपल्याकडे मधे खड्डा आणि दोन्ही बाजूंना ढिगारे असलेले रस्ते भरपूर आहेत, जास्त समजावायला नको.

तुम्ही म्हणाल, एका मास्तराला याची एवढी काय पडली आहे? पडली आहे, कारण माझी भाकरी या मधल्या पट्ट्यावर आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा मुलांना धडा मोठ्याने वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगायचो. रोज चाळीस-पन्नास आवाज यायचे. मी ते एका 'डीप बेस'वाल्या इअरफोनवर ऐकायचो. एक मुलगी होती, हुशार, पण मला वाटायचं की ही 'क़लम'चा क़ाफ़ काही केल्या नीट काढत नाही, प्रत्येक वेळी साधा 'क'च म्हणते. तीन वेळा परत म्हणायला लावलं. चौथ्यांदा तिच्या अम्मीने निरोप पाठवला की पोरगी रडते आहे, सर. मग एकदा सहज तोच आवाज शेजारच्या माणसाच्या चांगल्या हेडफोनवर ऐकला. पोरीचा क़ाफ़ अगदी घशातून, जागच्या जागी होता. चूक माझ्या कानातल्या डबड्याची होती. तिची माफी मागितली मी, पण तो निरोप अजून आठवतो.

व्यंजनांची ओळख पटते ती मुख्यतः दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास, आणि काही अक्षरांची त्याहून वर. क आणि क़, ख आणि ख़, फ आणि फ़, ज आणि ज़, सगळे फरक तिथे. उर्दूवाल्यांनी फार मिशीला पीळ देऊ नये, मराठीतही हेच आहे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहायला एकच, उच्चारात दोन वेगळे ज. उर्दू माध्यमाच्या मुलाला हा फरक फळ्यावर दाखवता येत नाही, तो कानानेच द्यावा लागतो. आणि कान तेवढाच शिकतो जेवढं त्याच्यापर्यंत पोचतं.

कुराणाच्या पठणाचं तर विचारूच नका. तजवीद म्हणजे अक्षराच्या उगमस्थानाचं शास्त्र. मिसरचे कारी अब्दुल बासित अब्दुस्समद १९८८ मध्ये गेले, पण त्यांचा एक दम किती लांब चालतो आणि तो संपताना स्वर कसा विरतो, हे ऐकायला आजही लोक जमतात. तिथे वाद्य नाही, ठेका नाही. फक्त गळा आणि छातीची घुमण. हेडफोन पारखायला याच्याहून चांगली कसोटी मला सापडली नाही. छातीतली घुमण आली पाहिजे, म्हणजे खर्ज आहे, आणि 'ह'चे दोन प्रकार वेगळे ऐकू आले पाहिजेत, म्हणजे गळा आहे.

एका लग्नाच्या निमित्ताने मुंबईला गेलो तेव्हा लेमिंग्टन रोडवर जाऊन आलो. मुलगा, मुलगी आणि मी. दुकानदार भला माणूस होता. त्याने पहिल्या झटक्यात आपल्या मोबाइलवरचं एक गाणं लावून हेडफोन पोराच्या डोक्यावर चढवला. ते गाणं असं होतं की पत्र्याच्या डब्यातूनही त्याचा बेस आला असता. पोराची मान हलायला लागली. दुकानदार माझ्याकडे बघून हसला, जणू व्यवहार झालाच.

मी म्हटलं, भाईजान, आमची गाणी आमच्याकडे आहेत. माझ्या फोनमध्ये चार तुकडे ठेवून नेले होते. नुसता तंबोरा, अब्दुल बासितसाहेबांचं पठण, नुसरत फतेह अली खानांची एक कव्वाली आणि रफींचं एक जुनं संथ गाणं. चौघांना चार कामं. तंबोऱ्यात खर्जाची तार नुसती 'बूं' करते की तिच्यातून जवारी वर येते? कव्वालीत टाळ्या, ढोलक, पेटी आणि सात-आठ गळे एकदम तुटून पडतात, तेव्हा मागे बसलेल्याचा आवाज वेगळा काढता येतो की सगळ्यांची खिचडी होते? डग्ग्यावर तळवा सरकतो तेव्हाचा घुमारा गोल येतो की धप्प? आणि रफींचा 'स' टोचतो का?

जुन्या गाण्यांच्या बाबतीत एक सांगून ठेवतो, नाहीतर उगीच हेडफोनला दोष जातो. १९२५च्या आधीच्या तबकड्या भोंग्यासमोर गाऊन भरलेल्या आहेत, त्यांत खालचे सूर नीट उतरलेच नाहीत. नंतर मायक्रोफोन आला तरी ७८ गतीच्या तबकड्यांना मर्यादा होत्याच. ज्यांच्या नावाने आमच्या मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी संगीतसभा होते, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांत तुम्ही खोल खर्ज शोधायला गेलात तर कुठलाही हेडफोन तो देऊ शकणार नाही. विहिरीत नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

खोक्यावरच्या आकड्यांचं काय? '२० ते २०,००० हर्ट्झ' हे दोनशेच्या इअरफोनवरही छापलेलं असतं. त्यातून काहीच कळत नाही, कारण कुठला सूर किती जोरात वाजतो हे ते सांगत नाही. पडदा ४० मिलिमीटरचा की ५०चा, यावरूनही बेस ठरत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१पासून स्टुडिओत आवाज तपासायला वापरला जातो, त्याचा पडदा ४०चाच आहे. ओहमचा आकडा मात्र बघावा. बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो हा ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या प्रकारांत येतो. यातला २५०वाला नुसत्या मोबाइलला लावाल तर तो कुजबुजत राहील. त्याला मागे वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. नाव तेच, खोकं जवळपास तेच, म्हणून घेताना आकडा वाचून घ्या.

गळ्यासाठी जाणकार लोक सेनहायझरच्या एचडी ६००चं नाव काढतात. १९९७ पासून त्याची ख्याती आहे, आणि ऐकला तर खरंच माणूस समोर बसून गातो असं वाटतं. पण तो पाठीमागून उघडा असतो. आपण ऐकतो ते शेजारच्यालाही ऐकू जातं आणि शेजारच्याचं आपल्याला. आमच्या दोन खोल्यांच्या घरात, जिथे एक जण अभ्यास करतो, एक नमाज पढतो आणि कुकरची शिट्टी सगळ्यांसाठी वाजते, तिथे उघडा हेडफोन म्हणजे श्रीमंती चोचला. शिवाय त्याचा खोल बेस हलका आणि ओहम ३००. आपल्याला बंद पाठीचाच पाहिजे.

आता एक अशी गोष्ट सांगतो जी मला कुठल्याही हेडफोनच्या परीक्षणात वाचायला मिळाली नाही. माझ्या मुलीने एकामागून एक तीन हेडफोन लावून बघितले आणि तिन्हींना म्हणाली, "इसमें तो कुछ बेस नै." पोराला त्याच तिन्हींत बेस ऐकू येत होता. दोघांची जुंपली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती स्कार्फवरून लावत होती. खालचे सूर कानाभोवतीच्या गादीची हवा बंद राहिली तरच टिकतात. जराशी फट राहिली की सगळ्यात आधी बेसच निसटतो, गळा बऱ्यापैकी तसाच राहतो. स्कार्फची एक घडी, किंवा माझ्या चष्म्याची जाड दांडी, एवढी फट पुरते. दुकानदाराने मागच्या बाजूला आरसा होता तिथे जागा करून दिली, मुलीने गाद्या स्कार्फच्या आतून बसवल्या, आणि तिचा चेहरा बदलला. म्हणून आपल्या घरातल्या मुलींसाठी घेत असाल तर दोन रस्ते आहेत. एक तर स्कार्फच्या आत बसेल असा हलका, बारीक दांडीचा घ्या. नाहीतर सरळ कानाच्या आत जाणारा इअरफोन घ्या, त्यात रबरी बोंडी तीन मापांची मिळतात, बरोबर माप शोधा. मोठ्या बेसवाल्या हेडफोनवर पैसे घालून तो ओढणीवरून लावणं म्हणजे पैसे फटीतून सोडणं. चष्मेवाल्यांनी मऊ, मखमली किंवा जाड फोमच्या गाद्या बघाव्यात.

तार की ब्लूटूथ, यावर घरात मतदान झालं आणि मी एका मताने जिंकलो, कारण पैसे माझे होते. ब्लूटूथ वाईट नाही. पण त्याच किमतीत तारवाल्यात आवाजावर जास्त खर्च झालेला असतो, बॅटरी मरत नाही, आणि वायर सुटी निघणारी असेल तर ती तुटल्यावर फक्त वायर बदलता येते. फोनला जुनं गोल भोक नसेल तर टाइप-सीची छोटी जोडणी मिळते. बस, एवढंच.

शेवटी आमच्यासमोर एकाच घराण्यातले दोन भाऊ उरले, ऑडिओ-टेक्निकाचे एम४०एक्स आणि एम५०एक्स. धाकट्याचा पडदा ४० मिलिमीटर, आवाज सरळमार्गी. थोरल्याचा ४५, ओहम ३८, मोबाइलवर आरामात चालतो आणि खर्ज अंगाने भरलेला. माझा हात धाकट्यावर होता. पोराचा थोरल्यावर. मी थोरला घेतला. पोराच्या हट्टापुढे झुकून नव्हे, त्यामागे कारण आहे. तेच मला मुख्य सांगायचं आहे.

मागे एकदा ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्ये आम्ही बाप-लेक चालत होतो. पुढे ट्रकवर डीजे. नाअत सुरू होती, पण तिच्यातला एक शब्द समजेल तर शपथ. नुसता धप्प, धप्प. छातीचा पिंजरा हलत होता, दुकानांची शटरं थरथरत होती. प्रेषितांच्या स्तुतीचे शब्द त्या दणक्याखाली चिरडले जात होते आणि पोरं नाचत होती. मुलगा मित्रांबरोबर भिंतीएवढ्या स्पीकरच्या अगदी जवळ तासभर राहिला. रात्री म्हणाला, "अब्बू, कान में सीटी बजरी." दुसऱ्या दिवशीही वाजत होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. चौथ्या दिवशी थांबली. डॉक्टर म्हणाले, या वेळी थांबली. त्यांनी 'या वेळी'वर जो जोर दिला तो मला अजून ऐकू येतो. कानातल्या त्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीतल्या डीजे आणि लेझरविरुद्ध याचिका आली होती. अशा डीजेला कुराण-हदीसमध्ये कसलाही आधार नाही, असं याचिकाकर्त्यांनी मांडलं होतं. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा होता की गणेशोत्सवात मर्यादेबाहेरचा ध्वनिवर्धक हानिकारक असेल, तर ईदच्या मिरवणुकीतही तो तेवढाच हानिकारक आहे. आमच्या काही लोकांना यात राजकारण दिसलं. मला साधं शरीरशास्त्र दिसलं. कानाच्या पडद्याला धर्म नसतो. 'ते वाजवतात म्हणून आम्हीही वाजवणार' हा युक्तिवाद मी दोन्हीकडच्या पोरांकडून ऐकला आहे, आणि दोन्हीकडची पोरं आता वर्गात मला म्हणतात, सर, जरा मोठ्याने सांगा.

पण जुलूस वर्षातून एकदा. हेडफोन रोज. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालेल, लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल. आणि आवाज दर तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ९० डेसिबलवर आठवड्याला जेमतेम चार तास. १००वर वीस-पंचवीस मिनिटं, तीही अख्ख्या आठवड्याची. जगातल्या शंभर कोटींहून जास्त तरुणांचे कान अशा ऐकण्यामुळे धोक्यात आहेत, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. आता एसटीत बसून कानात इअरफोन घालून गाणी ऐकणारा पोरगा आठवा. इंजिनाच्या वर गाणं यावं म्हणून तो आवाज कुठे नेऊन ठेवतो, ते शेजारी बसल्यावर आपल्यालाही कळतं.

इथे बेसचा एक छुपा संबंध आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिलं की आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खालचे सूर इतर सुरांपेक्षा फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणजे पोरगा आवाज चढवतो तो बहिरा होण्याच्या हौसेने नव्हे. त्याला खर्ज पाहिजे असतो आणि त्याच्या हातात असलेल्या डबड्यातून तो हळू आवाजात मिळत नाही. हे वाचलं आणि पोराच्या 'बेसच नै'कडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. ज्या हेडफोनचा खर्ज मुळातच थोडा भरलेला आहे आणि ज्याच्या गाद्या बाहेरचा गोंगाट अडवतात, तो हळू आवाजातही पोट भरतो. म्हणून थोरला भाऊ. माझ्यासारख्या 'बेस म्हणजे उथळपणा' म्हणून नाक मुरडणाऱ्या मास्तरलोकांनी हे ध्यानात घ्यावं. आपण पोरांना बेस सोडायला सांगतो आणि ती आवाज वाढवतात. चांगला खर्ज हातात द्या आणि मग आवाज कमी करायला सांगा, ऐकण्याची शक्यता तरी आहे. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला उपदेश करतो, त्यात आवाज खाली ठेव असंही आहे. आमचे मौलाना जुम्म्याला ते समजावून सांगतात, स्पीकरवरून, बऱ्यापैकी मोठ्याने.

मौलानांवरून आठवलं. एका स्नेह्यांनी मला टोकलंच, "सर, पण हे संगीत…?" त्यांचा आदर ठेवून म्हणतो, हा वाद आपल्याकडे नऊशे-हजार वर्षं चालला आहे. इमाम गज़ालींनी 'इह्या'मध्ये समावर आख्खं प्रकरण लिहिलं, चिश्ती बुजुर्गांनी कव्वाली ऐकली, आणि तेवढ्याच मोठ्या आलिमांनी मनाई केली. ज्यांच्या घरात वाद्य चालत नाही त्यांनी पठण ऐकावं, नाअत ऐकावी, चांगल्या गळ्यासाठी हेडफोन त्यांनाही लागतोच. माझी हरकत वेगळीच आहे. आजकाल ज्या नाअती येतात, वाद्य नको म्हणून तोंडाने किंवा यंत्राने जिक्राचाच धपधप ठेका भरलेल्या, त्यांत वाद्य नाही पण दणका आहेच. वाद्य हराम आणि दणका हलाल, हा फतवा कुणी दिला ते मला माहीत नाही.

घरी आणल्यावर दोन कामं केली. फोनच्या इक्वलायझरमध्ये अडीचशेच्या आसपासची पट्टी दोन डेसिबल खाली घेतली, त्याने गळ्यासमोरचं उरलंसुरलं धुकं निघालं. ६०ची पट्टी पोराच्या समाधानासाठी दोनने वर. आणि आवाजाची वरची मर्यादा सेटिंगमध्ये जाऊन बांधून टाकली. या शेवटच्या कामावर आठवडाभर अबोला होता. त्याने मर्यादा काढली, मी परत लावली, त्याने पासवर्ड बदलला, मी वायर कपाटात ठेवली. सध्या तह झाला आहे. संध्याकाळी सातपर्यंत त्याचा, मग मुलीचा, रात्री इशाच्या नमाजनंतर माझा. गादीच्या एका बाजूला सुरम्याचा डाग पडला आहे, तो कुणाचा हे अजून ठरायचं आहे.

परवा रात्री हेडफोन हातात घेतला तर त्याच्या फोनला तशीच जोडलेली वायर होती आणि तंबोऱ्याचा तो तुकडा अर्ध्यावर थांबवलेला होता. मी काही विचारलं नाही. आवाजाची पट्टी बघितली, निम्म्याच्या जरा वर होती.